"तुला आत्ताच घटस्फोट दिसतोय का?" : लग्नाआधी पैशांचं बोलणं

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी, हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी, आणि शेजारी होणारा नवरा किंवा होणारी बायको बसलेली असताना स्पीकरवर 'प्रीनप' हा शब्द वाजायला नको, असं वाटणाऱ्यांसाठी. बोलताना मी दर वाक्याला 'म्हणजे' म्हणते, तेवढं काढलंय. बाकी बरंचसं तसंच आहे. आणि एक गोष्ट आधीच सांगते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. कायद्याचं जे सांगणार आहे ते वाचून, विचारून आणि एका वकीलबाईंना रीतसर फी देऊन समजून घेतलंय. तुमचं प्रकरण वेगळं असेल, तर तुमचा वकील वेगळा धरा.

तर झालं असं. साखरपुड्याला दीड महिना झाला होता. रात्री अकरा वाजता मी त्याला एक रील पाठवलं. त्यात सूट घातलेला एक माणूस तीस सेकंदांत सांगत होता की शहाणी माणसं लग्नाआधी करार करतात. त्याखाली मी लिहिलं, 'आपण पण करूया का?' आणि पुढे डोळा मारणारा इमोजी. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. वीस मिनिटांनी फोन वाजला. नमस्कार-चमत्कार काही नाही, पहिलंच वाक्य : "तुला आत्ताच घटस्फोट दिसतोय का?"

मी म्हटलं, "अरे, तसं नाही." आणि मग कसं, ते मला सांगता येईना.

पुढचे दोन दिवस आमचं चॅट म्हणजे 'जेवलीस?', 'हो', 'तू?', 'हो' एवढंच. तिसऱ्या दिवशी मला स्वतःचाच राग यायला लागला, कारण खरं काय होतं ते मला माहीत होतं. मला त्याच्यापासून काही वाचवायचं नव्हतं. मला त्याला काहीतरी सांगायचं होतं, ते सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी त्या सूटवाल्याला पुढे केलं होतं.

माझ्या बाबांच्या बायपासच्या वेळी विमा कमी पडला. तेव्हा मी सहा लाखांचं पर्सनल लोन काढलं. महिना साधारण १३ हजारांचा हप्ता, त्यातले सव्वाचार लाख अजून फिटायचे आहेत. शिवाय दर महिन्याला दहा हजार मी साताऱ्याला घरी पाठवते, आणि लग्नानंतरही पाठवणार आहे. आमच्या घरी हे सगळ्यांना ठाऊक. त्याच्या घरी कोणालाच नाही. त्यालाही नाही. पत्रिका जुळली, छत्तीस गुणांची बेरीज झाली, सव्वाचार लाखांचा विषय काही निघाला नाही.

आता आधी तो 'प्रीनप' काय असतो ते बघू, म्हणजे पुढचं समजेल.

शेअर्स, म्युच्युअल फंड विकून नफा झालेला असला की आपल्यापैकी बरेच जण आयटीआर-२ भरतात. त्यात एक विचित्र प्रश्न असतो : तुम्हाला पोर्तुगीज नागरी संहिता लागू होते का? मी चार वर्षं डोळे झाकून 'नाही' करत आले. यंदा जेवणाच्या सुट्टीत मी हसत हसत म्हटलं, हा कोणत्या जमान्यातला प्रश्न ठेवलाय! तर समोर बसलेली मडगावची मैत्रीण म्हणाली, "मी 'होय' करते गं."

गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता होती. १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण लग्न आणि कुटुंबाच्या मालमत्तेबाबत तो कायदा चालूच राहिला, धर्म कोणताही असो. त्यात लग्न करताना ठरवायचं असतं की नवरा-बायकोची मालमत्ता कशी राहणार. काहीच ठरवलं नाही, तर कायदा ठरवतो : सगळं दोघांचं, निम्मं निम्मं. लग्नाआधीचं, नंतरचं, वारशाने आलेलंसुद्धा. ते नको असेल तर लग्नाआधी रीतसर दस्त करायचा. सगळं वेगळं ठेवायचं, की आधीचं ज्याचं त्याचं आणि नंतरचं दोघांचं, असे पर्याय असतात. लग्न झाल्यावर मात्र ते बदलता येत नाही. म्हणूनच आयकराच्या १९६१ च्या कायद्यात कलम ५ए घालावं लागलं. पगार ज्याचा त्याचा, पण भाडं, व्याज वगैरे इतर उत्पन्न नवरा-बायकोत अर्धं अर्धं दाखवायचं. मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडे जमीन विकायची म्हटली की सगळ्या भावंडांच्या नवऱ्या-बायकांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं. कोणी मस्कतला, कोणी लंडनला." तिच्या तोंडून हे ऐकताना मला पहिल्यांदा जाणवलं की हा विषय काढणं म्हणजे अपशकुन असं तिच्याकडे कोणाला वाटत नाही. तिथे तो लग्नाच्या कागदपत्रांतला एक कागद आहे.

(आणि हो, गोव्याच्या बीचवर डेस्टिनेशन वेडिंग केलं म्हणून हा कायदा तुम्हाला लागू होत नाही. मला विचारलंय लोकांनी.)

महाराष्ट्रात काय? हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात विवाहपूर्व करार नावाची गोष्टच नाही. विशेष विवाह कायदा १९५४ चा, म्हणजे आपलं ते नोंदणी लग्न, त्यातही नाही. मग असा करार केला तर तो बघायचा १८७२ च्या करार कायद्यात, आणि तिथे कलम २३ आडवं येतं : लोकहिताच्या विरुद्ध असलेला करार रद्दबातल. याची जुनी केस मोठी गमतीची आहे. १९०१ साली कलकत्ता हायकोर्टापुढे एक करार आला. नवऱ्याने लग्नाआधी कबूल केलं होतं की मी सासुरवाडीतच राहीन. घरजावयाचा लेखी करार! कोर्टाने तो मानला नाही. ख्रिस्ती जोडप्यांसाठीच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात कलम ४० आहे, त्यात लग्नाआधीच्या मालमत्तेच्या व्यवस्थेची कोर्ट दखल घेऊ शकतं. मुस्लिम निकाहनाम्यात मेहेर आणि अटी आधीच लिहिल्या जातात. म्हणजे लग्नाआधी लिहून ठेवणं आपल्या देशात परकं अजिबात नाही. आपल्या घरात तेवढं परकं आहे.

रील्समध्ये प्रीनप कसा विकला जातो ते तुम्ही पाहिलं असेल : 'मुलांनो, पोटगीपासून वाचा.' आमच्या वकीलबाई यावर हसल्या. शिवाजीनगरला त्यांचं छोटंसं ऑफिस आहे. त्या म्हणाल्या, "बायको पोटगी मागणार नाही असं लिहून घेतलंत ना, तर नेमकं तेच कलम कोर्ट सगळ्यात आधी बाजूला ठेवेल." पोटगीचा हक्क कायद्याने दिलेला आहे, तो आपापसात सही करून सोडता येत नाही. आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ खाली तो नवऱ्यालाही मागता येतो, हे बहुतेक मुलांना माहीतच नसतं. मग ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केली तर? "करा की. ढाल म्हणून नका करू. पुढे कधी वाद झालाच, तर तुमचं काय ठरलं होतं याचा एक पुरावा म्हणून फार तर कोर्ट बघेल, बांधील राहणार नाही."

मग मी विचारलं, काहीच नाही लिहिलं तर आपलं काय असतं? हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. आपण कोड लिहिताना सेटिंग दिलं नाही की सिस्टीम डिफॉल्ट घेते, आणि ते काय आहे हे न बघता प्रॉडक्शनला टाकणाऱ्याला आपण शिव्या घालतो. लग्नाचंही डिफॉल्ट आहे. आपल्याकडे ते गोव्याच्या बरोबर उलट आहे : ज्याच्या नावावर, त्याचं. वीस वर्षं एकीने घर चालवलं, मुलं वाढवली, आणि फ्लॅट एकट्या नवऱ्याच्या नावावर आहे, तर घटस्फोटात त्या फ्लॅटचा अर्धा हिस्सा तिला आपोआप मिळत नाही. पोटगी मिळेल, राहण्याचा हक्क मागता येईल, मालकी नाही. स्त्रीधन मात्र तिचंच. सासरच्या कपाटात ठेवलं म्हणून ते सासरचं होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच सांगितलंय. पण कोणता दागिना कोणी दिला याची यादी किती घरांत असते?

म्हणजे करार करा किंवा करू नका, तुमचं काहीतरी आधीच ठरलेलं आहे. फक्त ते तुम्ही दोघांनी मिळून ठरवलेलं नाही. हे समजल्यावर माझा प्रश्नच बदलला. 'प्रीनप करूया का' हे मला विचारायचंच नव्हतं. 'आपलं काय काय आहे, कोणाकोणाचं आपल्यावर आहे, आणि पुढे कसं करायचं' हे विचारायचं होतं.

दुसरा प्रयत्न रविवारी सकाळी, वेताळ टेकडीवर. जागा मुद्दाम निवडली. समोरासमोर टेबलावर बसलं की मुलाखत होते. शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही, आणि गप्प राहिलं तरी पाय चालू असतात. शिवाय फोनला तिथे रेंजही धड नसते. सुरुवात मी माफीने केली, पण विषयाबद्दल नाही, पद्धतीबद्दल. म्हटलं, "त्या रीलबद्दल सॉरी. तुला वाटलं मला तुझ्यापासून काही लपवून ठेवायचंय. उलट आहे. मी ऑलरेडी लपवलंय, आणि ते सांगायचंय." मग सव्वाचार लाख सांगितले. दहा हजार सांगितले. आणि हेही सांगितलं की हे दहा हजार थांबतील असं तू किंवा तुझे आईबाबा धरून चालला असाल, तर मला आत्ताच कळलं पाहिजे.

तो बराच वेळ काही बोलला नाही. एक कुत्रा आमच्याबरोबर चालत होता, त्याच्याशी बोलला. मग म्हणाला, "मी काकांना जामीन आहे."

हे मी थोडं सावकाश सांगते, कारण माझ्या मते आपल्याकडे लग्नाआधी विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तो कुठल्याच परदेशी यादीत नसतो. त्याच्या काकांनी गावाकडच्या एका पतसंस्थेतून ट्रॅक्टर आणि दुकानासाठी १२ लाखांचं कर्ज काढलं. जामीनदार हवे होते. घरात पगाराची स्लिप असलेला हा एकटाच. गणपतीला गावी गेला होता तेव्हा चहा पितापिता सही केली. "आपल्यातलेच संचालक आहेत, नुसती फॉर्मॅलिटी," असं सांगितलं गेलं. करार कायद्याचं कलम १२८ असं सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. काकांचे हप्ते थकले, तर पतसंस्था थेट याच्याकडे येऊ शकते. आधी काकांचा ट्रॅक्टर विका आणि मग माझ्याकडे या, असं म्हणायची सोय साधारणपणे नसते. आणि चालू कर्जातून जामीनदाराला 'मी आता नाही' म्हणून एकतर्फी बाहेर पडता येत नाही, पतसंस्थेने मान्य करून दुसरा जामीनदार घेतला तरच. मी विचारलं, "हप्ते नीट चालू आहेत का?" तो म्हणाला, "विचारलेलं नाही."

मला रागही आला आणि हसूही. माझ्या एका रीलवर 'तुला घटस्फोट दिसतोय का' म्हणणारा माणूस १२ लाखांवर न वाचता सही करून बसला होता. पण मी काही बोलले नाही, कारण माझे सव्वाचार लाख त्याने ऐकून घेतले होते. एवढं सांगते, मी आधी माझं सांगितलं नसतं तर त्याचं बाहेर आलं नसतं. 'तुझ्यावर काही कर्ज आहे का?' असं विचारलं असतं, तर तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणाला असता. कर्ज काकांचंच होतं ना.

घरी येऊन आम्ही एक शीट बनवली. तिचे रकाने कुठून आणले ते सांगते. नोव्हेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला, रजनेश विरुद्ध नेहा. प्रकरण मूळचं नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं. पोटगीच्या प्रकरणांत दोघंही उत्पन्न लपवतात, म्हणून कोर्टाने सांगितलं की दोघांनी आपली मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि त्याचा नमुनाच निकालाला जोडला. त्यात काय नाही? पगार, इतर उत्पन्न, महिन्याचा खर्च, तुमच्यावर अवलंबून कोण, घर, जमीन, गुंतवणूक, विमा, कर्जं. निकाल इंटरनेटवर फुकट मिळतो. मी तो नमुना उघडला आणि म्हटलं, संसार मोडताना जर हे सगळं एकमेकांना सांगायला लावणारच असतील, तर आत्ता, एकमेकांवर चिडलेले नसताना भरू. तो म्हणाला, "तू हे असं सांगतेस ना, तेव्हा भीती वाटते." पण भरला त्याने. त्याचा रकाना माझ्यापेक्षा आधी पूर्ण झाला.

शीट भरताना दोन किरकोळ गोष्टी निघाल्या, पटकन सांगते. माझ्या पीएफला अजून आईचं नाव, त्याच्या एका जुन्या पॉलिसीला वारलेल्या आजोबांचं. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. साधारणपणे नॉमिनीच्या हातात पैसे येतात, पण ते वारसांचे असतात, असं कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. विम्यात अलीकडे नवरा, बायको, मुलं, आईवडील नॉमिनी असतील तर वेगळा नियम आहे, तो तुमच्या पॉलिसीपुरता विचारून घ्या.

खरी अडचण फ्लॅटची होती.

रावेतला एक फ्लॅट बघून ठेवलेला. ९० लाख. त्याच्या बाबांनी कागलजवळची थोडी जमीन विकली होती, त्यातले ३० लाख ते देणार. उरलेलं ६० लाखांचं कर्ज आम्ही दोघांनी काढायचं, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ५२ हजारांच्या आसपास, निम्मा निम्मा भरायचा. सगळं छान. फक्त करारनाम्यावर नाव त्याचं एकट्याचं, असं गृहीत धरलेलं. मला बँकेच्या माणसाने सांगितलं, "मॅडम, तुम्ही को-ॲप्लिकंट आहात ना, मग झालं." नाही झालं. सहकर्जदार म्हणजे हप्त्याला बांधलेली व्यक्ती. सहमालक म्हणजे घरात हिस्सा असलेली व्यक्ती. बँकेला कर्जदार दोन हवे असतात, मालक किती यात तिचं काही अडत नाही. मालकी नसेल तर घरकर्जाच्या व्याजाची करसवलतही मागता येत नाही. म्हणजे वीस वर्षं २६ हजार भरायचे, आणि कागदावर मी त्या घरात पाहुणी.

हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "नाव लावू की तुझं, त्यात काय?" मग मी म्हटलं, टक्केही लिहू. तिथे तो थांबला. आणि विषय कागलला गेला.

त्याचे बाबा साधे शेतकरी आहेत. माझ्याशी ते पहिल्या दिवसापासून लेकीसारखं बोलतात. फोनवर म्हणाले, "पोरी, नाव लावायला माझी काय हरकत न्हाई. पण टक्के कशाला लिव्हायचे? आपण काय भागीदारीत दुकान काढतोय व्हय?"

मला उत्तर सुचेना, कारण प्रश्न खरा होता. मी म्हटलं, बाबा, दोन दिवसांनी सांगते. मग वकीलबाईंकडून जे कळलं, त्यानं मीच चाट पडले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ आहे. दोघांनी मिळून घर घेतलं आणि कोणी किती पैसे घातले याचा पुरावा नसला, तर दोघांचा हिस्सा सारखा मानला जातो. म्हणजे टक्के न लिहिता नुसती दोन नावं लावली, तर त्यांच्या ३० लाखांची आठवण कागदावर कुठेच राहणार नाही. वीस वर्षांनी कोण बँकेची स्टेटमेंटं शोधत बसणार? टक्के लिहिले, तर त्यांचे ३० अधिक लेकाचे ३०, असे ६०, आणि माझे ३०. दोनास एक. टक्के लिहिण्याने माझ्यापेक्षा त्यांचीच जमीन जास्त सुरक्षित होत होती.

हे मी त्यांना त्या शब्दांत सांगितलं नाही. म्हटलं, "बाबा, तुमची जमीन गेली तिचं नाव कुठेतरी लिहिलेलं असू दे की." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बघू. पोराला घिऊन ये एकदा." गेलो. शीट मोबाईलवर दाखवली. काकांच्या जामिनाची ओळ आली तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांनाही माहीत नव्हतं.

आमच्या घरी उलटंच. आई म्हणाली, "लग्नाच्या तोंडावर असलं अभद्र काढू नये गं. अजून देवकही बसलं नाही." आजी कोपऱ्यात वाती वळत होती. ती आईला म्हणाली, "बोलू दे तिला. माझ्या पाटल्या विहिरीत गेल्या." विहीर खणायला पाटल्या मोडल्या होत्या, तेव्हा ती माझ्यापेक्षा लहान असेल. "पाणी लागलं चांगलं. पण सातबाऱ्यावर माझं नाव कवा लागलं न्हाई." आणि पुन्हा वाती वळायला लागली. माझ्या आठवणीत तिने कधी पाटल्यांचं नाव काढलं नव्हतं. आई त्यावर काही बोलली नाही, फक्त चहा टाकायला उठली.

तर शेवटी आम्ही प्रीनप केला का? नाही. दोन पानं लिहिली, सह्या केल्या, एकेक प्रत एकमेकांकडे आणि पीडीएफ ड्राइव्हवर. कोर्टात त्याला काय किंमत आहे ते वर सांगितलंच. पण ज्या गोष्टींना किंमत आहे त्या आम्ही त्यांच्या त्यांच्या जागी केल्या : फ्लॅटच्या नोंदणीकृत करारनाम्यात हिस्से लिहायचे, दागिन्यांची फोटोसकट यादी करायची, नॉमिनी बदलायचे. उरलेलं त्या दोन पानांत आहे. साताऱ्याचे दहा हजार चालू राहतील, त्याची कागलची औषधं चालू राहतील. यापुढे कोणालाही जामीन राहायचं असेल, तर सही करण्याआधी दुसऱ्याला विचारायचं. 'विचारायचं' की 'सांगायचं' यावर आमचं पाऊण तास भांडण झालं, शेवटी 'विचारायचं' राहिलं. मुलासाठी दोघांपैकी कोणी नोकरी सोडली, तर तेवढ्या काळात त्याचा किंवा तिचा हप्ता दुसऱ्याने भरायचा आणि घरातला हिस्सा तरी कमी धरायचा नाही. हे शेवटचं कलम त्याने सुचवलं. मला सुचलं नव्हतं, याची मला थोडी लाज वाटते.

एक मुद्दाम सांगते. समोरच्याने हा विषय काढल्यावर तुम्हाला वाईट वाटलं, तर ते बरोबरच आहे, वाटू दे. दोन दिवस घ्या. पण तुम्ही स्वतःचे सगळे आकडे उघडे करूनही समोरचा एकही आकडा सांगत नसेल, किंवा मुहूर्ताच्या आठ दिवस आधी कोणी तयार कागद पुढे करून 'वाचायचं काय त्यात, सही कर' म्हणत असेल, तर सही करू नका. घरातल्या कोणाला तरी सांगा, आणि स्वतःचा वकील गाठा, त्यांचा नव्हे. कोणत्याही घाईच्या सहीबद्दल मला आता हेच वाटतं, मग ती स्टॅम्प पेपरवर असो की पतसंस्थेच्या फॉर्मवर.

लग्न डिसेंबरमध्ये आहे. त्याने जामीनदार बदलून मिळावा म्हणून पतसंस्थेला अर्ज दिलाय. त्यांनी पोच दिली, उत्तर अजून नाही. तेव्हा कळलं की काकांचे तीन हप्ते मागे होते. त्यातले दोन काकांनी भरलेत, तिसरा ऊस गेल्यावर भरतो म्हणालेत. काकू मात्र अजून माझ्याशी बोलत नाहीत.